माळ्यावरची जुनी साखळी भंगारात देण्याआधी हे वाचा

जुन्या घराच्या माळ्यावर मुठीवाली लांब लोखंडी साखळी सापडली तर ती किलोवर विकू नका. आधी टेप लावा. मुठींच्या बाहेरच्या टोकांपर्यंत ३३ फूट भरली तर ती जमीन मोजणीची साखळी समजा. तिचे १६ भाग असतात, त्यांना आणे म्हणत. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे ४० झाले की एकर.

दोन बोटं जास्त भरली तरी खोटी समजू नका. ओढून ओढून कड्या सैल होतात, साखळी लांबते. अशा लांबलेल्या साखळीने मोजलं की जमीन कमी भरते! मोजणीचे भांडण जुनेच आहे. आपला भाग खानदेशात होता तेव्हा, १८५२ साली, सारा वाढेल या भीतीने खानदेशातले शेतकरी सरकारी मोजणीविरुद्ध उठले होते.

पितळी होकायंत्र घेताना मात्र सावध राहा. जहाजावरचं जुनं म्हणून ऑनलाइन मिळणारी बरीचशी नवीच असतात, वर लंडनचं नाव आणि जुनं साल कोरलेलं. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर शंभर वर्षांची गोष्ट विसरा, तो स्क्रू १९३० नंतरचा.

खरोखर शंभरी ओलांडलेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही.

आणि पितळ चिंचेने घासू नका. कोरलेलं नाव पुसट होतं, गिऱ्हाईक तेच आधी बघतं.