घरी कधी सोडणार?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणाऱ्या एखाद्याला तीव्र मानसिक आजारामुळे दाखल करावे लागले, की घरचे हटकून विचारतात, 'किती दिवस ठेवणार?' बायकोला बुडणाऱ्या हजेरीची काळजी असते. आई म्हणते, महिनाभर राहू द्या, पण पुरता बरा करूनच पाठवा.

आईची भीती समजण्यासारखी आहे. औषधांनी आरडाओरडा, झोप उडणे काही दिवसांत आटोक्यात येते. संशय आणि भास ओसरायला मात्र अनेक आठवडे लागतात. म्हणजे लवकर सोडलेला रुग्ण बहुधा अर्धा बराच असतो. मग तो पुन्हा पुन्हा दाखल होत राहील का? 1969 ते 1980 या काळातील सहा चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने आढावा घेतला. नियोजनपूर्वक कमी दिवस ठेवलेल्यांना पुन्हा दाखल करण्याचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसले नाही. चाचण्या जुन्या आहेत, परदेशातल्या आहेत, हे मात्र विसरू नये. आत्महत्येचा धोका असेल किंवा घरी औषध द्यायला कोणीच नसेल, तर दिवस मोजण्यात अर्थ नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचा कलही कमी मुक्कामाकडेच आहे. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून एका वेळी जास्तीत जास्त 30 दिवस ठेवता येते. पुढे ठेवायचे तर मंडळाची परवानगी लागते. घरी सोडण्याआधी पुढील उपचारांची आखणी करणे हेही कायद्यात आहे. खरी गोम इथेच आहे. पहिली फेरतपासणी कधी, गोळ्या कोण देणार, झोप पुन्हा उडाली तर कुणाला गाठायचे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. रात्री-अपरात्री सल्ला लागला तर 'टेली-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

रात्रपाळीबद्दलही डॉक्टरांशी बोलावे. द्विध्रुवी आजारात झोपेचे चक्र बिघडणे हेच नव्या झटक्याचे निमित्त ठरू शकते. काही काळ दिवसपाळी द्यावी, अशी चिठ्ठी मागण्यात संकोच कसला?

राहिला पगार. कामगार विमा योजनेत आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिसही आहे. त्यासाठी 80 टक्के दराने मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्याला आधीच्या दोन वर्षांच्या सलग नोकरीची अट आहे आणि कंत्राटी कामगाराचे घोडे अनेकदा तिथेच अडते.