कुंड्यांचा वार

सकाळी साडेसहा. मुनिरक्यातल्या डीडीए फ्लॅटची गच्ची, ऑक्टोबरचा शेवट. नळाला पाणी आलं की पिंप भरते, पण झारी लगेच उचलत नाही. आधी प्रत्येक कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं. आत ओल लागली तर ती कुंडी आज तशीच. पाऊस सप्टेंबरअखेर दिल्लीतून परततो, हवा कोरडी होते आणि वरची माती दोन तासांत पांढुरकी पडते. आत मात्र रात्रीच्या गारव्याने मुळं पाणी कमी ओढत असतात. वरचा रंग बघून रोज झारी रिकामी केली, तर अडेनियम कुजलंच म्हणून समजा.

सात. ज्यांना हवं त्यांना पोटभर, बुंध्याशी, सावकाश, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. घोट घोट दिलं की मुळं वरच घुटमळतात आणि पाण्यातले क्षार मातीत साचतात. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. शेवंती कळ्यांवर आहे, तिला तहान लागू देत नाही. मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते, त्यामुळे दोन्हींतल्या तुळशींचे वार वेगळे.

पावणेआठ. कुंड्यांखालच्या बशा. हे डेंग्यूचे दिवस. एडिसची अंडी बशीच्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. नुसती बशी उपडी करून भागत नाही. काथ्याने घासावीच लागते. या कामात मी कधीही हयगय करत नाही.

नऊ ते पाच ऑफिस. दुपारी पुण्याहून मावशीचा फोन.

“अगं, ऑक्टोबर हीट आहे, दोन वेळा घाल पाणी.”

“मावशी, इथे रात्री पांघरूण लागतंय!”

साडेपाच. पिटुनिया, पॅन्झीची रोपं तेवढी बघायची. ट्रे उथळ पाण्यात ठेवते; वरची माती गडद झाली की लगेच बाहेर. पानांवर धूळ कितीही असो, आत्ता धुवायची नाही. ओली पानं रात्रभर राहिली की बुरशी येते. धुणं उन्हाच्या तोंडावर, सकाळीच.

गुलाबाचं पाणी छाटणीसाठी काही दिवस तोडलं आहे. उद्या छाटणी, खुरपणी, शेणखत, मग एक मोठं पाणी.