वाढ खुंटलेली कोळंबी
खाडीकाठची कोळंबीशेती : लेखांक ६

मागील लेखांकात खारजमिनीतील तलावाची बांधणी, उघाडीची जागा आणि भरतीचे पाणी घेण्याच्या वेळा यांचा विचार झाला. आता त्या पाण्यात बीज सोडल्यापासून माल काढेपर्यंतच्या चार महिन्यांत कोळंबीच्या प्रकृतीचा जो मामला चालतो, त्याकडे वळावयाचे आहे. दाभोळपासून जैतापूरपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातील खाड्यांच्या काठी ज्यांनी या धंद्यात पैसा घातला, त्यांच्या बोलण्यात रोग म्हणजे मर आणि मर म्हणजे पांढरे ठिपके, हे समीकरण पक्के बसलेले आढळते, आणि गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहता ते बसावे यात नवल नाही. तथापि आज मालकाचे दिवाळे काढणारा रोग पुष्कळदा कोळंबीला मारीत नाही, तो तिला वाढू देत नाही; आणि मेलेली कोळंबी जशी बांधावरून दिसते तशी न वाढलेली दिसत नसल्यामुळे तो ध्यानी येईपर्यंत निम्मा हंगाम हातचा गेलेला असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९२-९३ च्या सुमारास पूर्व आशियात प्रकट झाला आणि १९९४ मध्ये भारताच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचला, तेव्हा आपल्याकडे टायगर कोळंबीचाच जमाना होता. काल खाद्यतपासणीच्या चेक ट्रेमधील खाद्य फस्त करणारी कोळंबी आज खाणे सोडते, सुस्तावून बांधाच्या कडेला येते, तिच्या कवचात क्षारांचे अर्ध्यापासून दोन मिलिमीटरांपर्यंतचे ठिपके उमटतात, आणि तीन ते दहा दिवसांत तलाव ओस पडतो. मेलेल्या कोळंबीला जिवंत कोळंबी खाते, खेकडे स्वतः धडधाकट राहून विषाणू एका तलावातून दुसऱ्यात नेतात, पक्षी उचललेली कोळंबी शेजारच्या पाण्यात टाकतात. इतक्या वाटा उघड्या असताना भोवतालचे जाळीचे कुंपण आणि वरच्या दोऱ्या यांवरील खर्चास उधळपट्टी म्हणणारे इसम अजूनही भेटतात, हे मात्र नवल खरे. त्याच काळात या धंद्याविरुद्धची कैफियत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने त्यावर कडक निर्बंध आले, आणि पुढे २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या तटीय जलकृषी प्राधिकरणाने २००९ मध्ये व्हॅनामेई या अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जातीस अनुमती दिली.

व्हॅनामेईची प्रजनक कोळंबी परदेशातून येते, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून पार होते आणि मग बीजकेंद्रांकडे जाते. तिला ‘विशिष्ट रोगजंतुमुक्त’ म्हणतात. यातील ‘विशिष्ट’ हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी सहसा ऐकू येत नाही. ठरावीक यादीतले रोगजंतू त्या कुळात नाहीत, एवढाच त्या दाखल्याचा अर्थ. तिला रोग होणारच नाही असा नव्हे, आणि तिची पिल्ले ज्या बीजकेंद्रात वाढली तेथील पाणी व खाद्य निर्मळ होते असाही नव्हे. शिवाय कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, एकदा होऊन गेलेल्या रोगाची स्मृती ठेवणारी यंत्रणा तिच्यापाशी नाही, आणि म्हणून लस टोचून निर्धास्त होण्याची सोयही या धंद्यात नाही.

आता वाढीकडे पाहू. कोळंबी रोज थोडीथोडी वाढत नाही. ती कात टाकते, नवे कवच मऊ असेतो पाणी शोषून आकाराने मोठी होते, आणि कवच कठीण झाले की त्या मापात पुढील कात टाकीपर्यंत राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कात जास्त पडते हा खाडीकाठचा जुना अनुभव आहे. त्या अवस्थेत तिला प्राणवायू अधिक लागतो, कॅल्शियम-मॅग्नेशियमची गरज असते, आणि भाईबंदांपासूनच जिवाला धोका असतो. म्हणून ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे, जेव्हा पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा एरेटर बंद ठेवून वीज वाचविणे ही काटकसर नव्हे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेणाऱ्या आपल्या मुलखात मृगाच्या सरींनी खारेपणा आणि पाण्याची क्षारता झपाट्याने उतरते, कवच नीट कठीण होत नाही, आणि मऊ माल घेऊन मालक व्यापाऱ्यापुढे उभा राहतो.

परंतु पाणी उत्तम, प्राणवायू पुरेसा, खाद्य वेळेवर, आणि तरीही कोळंबी दोन महिन्यांनंतर अडून बसली, तर संशय एका सूक्ष्म परजीवीवर घ्यावा. एंटेरोसायटोझून हिपॅटोपिनी, लोकांच्या बोलण्यात ईएचपी, हा बुरशीच्या गोतातील जीव २००९ मध्ये थायलंडात प्रथम वर्णिला गेला आणि आता आपल्याकडेही रुळला आहे. कोळंबीचे अन्न पचविणारी व पोषण साठविणारी जी ग्रंथी, तिच्या पेशींत तो शिरतो. कोळंबी खात राहते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. एकाच आवणातून लावलेल्या भाताचा काही भाग पोटरीवर यावा आणि काही वीतभर राहावा, तसा तलावात लहानमोठ्यांचा गोंधळ दिसू लागतो. त्याचे बीजाणू विष्ठेवाटे बाहेर पडतात, तळच्या गाळात टिकून राहतात आणि पुढच्या पिकाची वाट पाहतात. बीजकेंद्रात प्रजनकांना चारले जाणारे चिखलातील जिवंत कृमी हीदेखील त्याच्या प्रवेशाची एक वाट आहे.

नुकसानीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एक लाख बीजातून ऐंशी हजार कोळंबी शेवटपर्यंत जगली. ती २५ ग्रॅमची झाली तर २,००० किलो माल, किलोला चाळीस नग. साडेबारा ग्रॅमवरच थांबली तर मरतुक तेवढीच, पण माल १,००० किलो, किलोला ऐंशी नग, आणि ऐंशीच्या मालाचा भाव चाळीसच्या मालापेक्षा कमी. खाद्याची रक्कम मात्र त्या प्रमाणात घटत नाही, कारण तोंडे तितकीच असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोगी तलाव निदान पुढील खाद्याचा खर्च तरी वाचवितो.

म्हणून माझे मत असे की, दर आठवड्यास पाग टाकून शंभर कोळंबी मोजून तोलणे आणि सरासरीबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठी यांतील तफावत वहीत लिहिणे, हेच या धंद्यातील पहिले निदान होय. पहिल्या महिन्यानंतर आठवड्याची वाढ दीड-दोन ग्रॅमवरून घसरत चालली, तर खाद्य बदलण्याआधी नमुना पीसीआर तपासणीस द्यावा. १९८१ पासून शिरगावास मत्स्य महाविद्यालय असताना सल्ल्यासाठी औषधविक्याच्या दुकानी जाण्याचे प्रयोजन नाही. प्रतिजैविकांचा विषाणूवर इलाज चालत नाही, या परजीवीवरही नाही. आणि क्लोरॅम्फेनिकॉल वा नायट्रोफ्युरानचा अंश सापडला की परदेशी बंदरात माल नाकारला जातो. ईएचपीवर खात्रीचे औषध नाही. इलाज तो दोन पिकांच्या मधल्या काळात: तळ वाळवून हेक्टरी सुमारे सहा टन कळीचा चुना नांगराने दहा-बारा सेंटिमीटर खोल मिसळावा, ओलवून त्याचा सामू बारापर्यंत चढू द्यावा आणि आठवडाभर तसाच ठेवावा. शेणखताच्या सवयीने मूठभर चुना भुरभुरण्याने येथे काही साधत नाही.

आणि एवढे करूनही शेजाऱ्याने रोगी तलावाची उघाडी ओहोटीला गुपचूप उघडली, तर पुढच्या भरतीस तेच पाणी आपल्या दारात येते. प्रक्रियेविना पाणी सोडू नये हा दंडक आहे, पण रात्रीच्या ओहोटीवर पहारा कोणत्या खात्याने ठेवावा? तेव्हा एका खाडीवरील सर्व तलावधारकांनी हंगामापूर्वी एकत्र बसून एवढा ठराव करावा, की ज्याच्याकडे रोग दिसेल त्याने त्याच दिवशी इतरांस कळवावे, पाणी अडवून ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केल्याविना सोडू नये, आणि कळविणाऱ्यास कोणी दोष देऊ नये.