खालच्या सप्तकातली पस्तीस वर्षं

बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा म्हणजे आमच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. पुण्याच्या ऑर्केस्ट्रात त्यांना ई, ए, डी, जी म्हणणारा क्वचितच भेटायचा. सगळा व्यवहार हार्मोनियमच्या पट्ट्यांवर चालायचा. आणि आमच्या गायकांची लाडकी पट्टी काळी एक. शुद्ध स्वरांचं गाणं काळी एकमध्ये आलं की या चारांपैकी एकही तार मोकळी वाजवता येत नाही. प्रत्येक स्वर बोटाने दाबूनच काढायचा, हाताला क्षणाची उसंत नाही. 1984 च्या गणेशोत्सवात मी पहिल्यांदा बेस घेऊन उभा राहिलो तेव्हा 22 गाण्यांपैकी 14 काळी एकमधली होती. रात्री अडीचला कार्यक्रम संपला आणि डाव्या हाताची बोटं सरळ होईनात. अकॉर्डियनवाल्या काकांनी चहाचा ग्लास माझ्या उजव्या हातात दिला आणि डावा हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरून बसले.

मी मुळात ऱ्हिदम गिटारवाला. आमचा बेस वाजवणारे अंकल मडगावचे. त्या काळी गोव्याच्या वादकांना बोटीवरच्या बँडमध्ये आणि आखातातल्या हॉटेलांत कामं मिळायची, तसं त्यांनाही मिळालं. जाताना त्यांनी बेस माझ्याकडे ठेवला, पैसे तीन हप्त्यांत घेतले आणि दोन रविवार शिकवलं. पहिल्या रविवारी मला गिटारला हातच लावू दिला नाही. ड्रमवाल्याच्या शेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "किक ऐक. गाणं सगळेच ऐकतात, तू किक ऐक." पायाने वाजणारा तो मोठा ड्रम आणि बेसची तार एकाच क्षणी पडली की दोन वाद्यं उरत नाहीत, एक तिसरंच काहीतरी वाजतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी मला सुरांमधल्या जागा मोकळ्या सोडायला शिकवलं. गिटारवाल्याला ते फार जड जातं. सा धरलास की धरून राहा, पंचमावर जाऊन ये, बाकीचं पुढे तीस वर्षांत येईल, असं त्यांचं म्हणणं.

शिकायला कॅसेटशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि कॅसेटवर बेस ऐकणं हेच मोठं काम. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर सेकंदाला जेमतेम 41 कंपनांचा. घरच्या टेपरेकॉर्डरचा तळहाताएवढा स्पीकर तो स्वर काढूच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याचे वरचे उपस्वर, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा सूर जुळवून घेतो. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं, की टेपरेकॉर्डर आईच्या लाकडी कपाटावर ठेवला आणि कपाटाच्या दाराला कान लावला, की पंचमदांच्या गाण्यांतला बेस उलगडायला लागतो. टोनी वाझ हे नाव मी तेव्हा ऐकलेलंही नव्हतं. पंचमदांच्या ताफ्यात बेस वाजवणारा तो माणूस माझा गुरू होता आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. 1980 च्या 'कुर्बानी'तलं बिद्दूचं 'आप जैसा कोई' मात्र कपाटाशिवाय ऐकू यायचं. त्यात बेस पुढे येऊन नाचतो. ते गाणं यादीत असलं की मी दिवसभर खुशीत असायचो.

नव्या तारा परवडत नसत. मुंबईला धोबीतलावला फर्टाडोजमध्ये जाऊन एक संच आणायचा म्हणजे चार-पाच नाईटचे पैसे. मग जुन्याच तारा काढून पातेल्यात उकळायच्या, पुसून, वाळवून परत चढवायच्या. घामाचा आणि कातडीचा मळ निघून जातो आणि आठवडाभर तार पुन्हा झणकते. ही युक्ती जगभरचे बेसवाले करतात. आमच्या घरी त्यासाठी वेगळं पातेलं होतं आणि आईने त्यात दुसरं काही कधी शिजवलं नाही.

ते दिवस भरभराटीचे होते, हे मान्यच करायला हवं. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, गावोगावच्या जत्रा, कारखान्यांच्या वसाहतींतले कार्यक्रम, बालगंधर्वला तिकीट लावून होणारे शो. ऑर्केस्ट्राचं पुणं म्हटलं की लोक आधी 'मेलडी मेकर्स'चं नाव घ्यायचे. आम्ही त्या उंचीचे नव्हतो, पण आमचंही पाकीट भरायचं. एका मॅटाडोरमध्ये अकरा माणसं, दोन स्पीकरचे खोके, ड्रम, अकॉर्डियन आणि निवेदकाचा कोट. 1985 साली माझी नाईट 75 रुपयांची होती आणि गणपतीत एका रात्री दोन कार्यक्रमही व्हायचे. जत्रेत पोरं माझ्या स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकून बसायची. पोटात गुदगुल्या होतात म्हणायची. माझ्या वाजवण्याला इतकी सच्ची दाद फार थोड्यांनी दिली आहे.

पोस्टरवर मात्र फोटो गायकांचे. 'मुकेशचा आवाज', 'लताचा आवाज', 'किशोरचा आवाज', आणि तळाला बारीक अक्षरांत 'व सहकारी'. मला त्याचं दुःख होतं. आजही आहे. मूळ गाण्याचा वादक रेकॉर्डच्या वेष्टणावर नाही आणि ते गाणं गावोगाव नेणारा पोस्टरवर नाही. पुढे रहमानच्या अल्बमांवर वादकांची नावं छापून यायला लागली. एका वेष्टणावर बेस गिटारपुढे कीथ पीटर्स हे नाव वाचलं, तो कागद मी कॅसेटमधून काढून पाकिटात ठेवला. झिजून फाटेपर्यंत तो पाकिटात होता.

ऑर्केस्ट्रात बेसवाल्याचं खरं काम काय, हे मला साताऱ्याकडच्या एका कार्यक्रमात कळलं. आमचे 'रफीचा आवाज' त्या रात्री तापाने फणफणलेले. संथ गाणं, पहिला अंतरा नीट झाला, मधला म्युझिक पीस सुरू झाला, आणि पीस अर्ध्यावर असताना त्यांनी दुसरा अंतरा उचलला. चार आवर्तनं आधी. अकॉर्डियन आणि व्हायोलिन अजून पीसमध्येच, गायक अंतऱ्यात, आणि दोन्हीकडची कॉर्ड वेगळी. अशा वेळी मी पीसच्या कॉर्डवर राहिलो तर गायक बेसूर वाटणार. अंतऱ्याच्या कॉर्डवर गेलो तर दोन वादक क्षणभर उघडे पडणार, पण वादक सावरू शकतो, गळा सावरू शकत नाही. मी अंतऱ्याचा सा धरला आणि ड्रमवाल्याकडे पाहिलं. त्याने पुढच्या समेवर किक अशी टाकली की सगळ्यांना सम कुठे आहे ते पायातून कळलं. काकांनी दोन मात्रांत भाता मिटला, व्हायोलिनने लांब सूर धरला, आणि गाणं पुढे गेलं. समोर दोनेक हजार माणसं बसली होती. एकानेही मान वर केली नाही. परतीच्या वाटेवर काका एवढंच म्हणाले, "आज तू धरलंस."

असं धरणं आमच्या धंद्यात रोजचं होतं. गायिकेचा श्वास तुटला की एक आवर्तन जास्त वाजवायचं, 'वन्स मोअर' आला की मुखड्यावर वळायचं, पावणे आले म्हणून अध्यक्षांनी हात वर केला की गुंडाळायचं. हे सगळं ड्रमवाल्याच्या आणि माझ्या नजरेतून व्हायचं. बाकीचे आमच्या पाठोपाठ यायचे. माणसाच्या चुकीला पोटात घ्यायची ताकद त्या जुन्या ऑर्केस्ट्रात होती, आणि ती खालच्या सप्तकात होती.

ती ताकद यंत्राने काढून घेतली आणि सुरुवात आमच्यापासूनच केली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रोलंड कंपनीने टीबी-303 नावाची एक छोटी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला बेसवाल्याशिवाय साथ मिळावी हा तिचा हेतू. त्या कामात ती फसली, काही वर्षांत बंदही झाली. पण आपल्याच मुंबईत, हिंदी सिनेमांच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 साली तीच पेटी घेऊन रागांचा एक डिस्को अल्बम केला. तेव्हा त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे जगभर त्याचं नाव झालं. यंत्राला गाता येतं हे त्यांनी दाखवून दिलं, त्याबद्दल मला आदरच आहे. आमच्यावर वेळ आली ती वेगळ्या यंत्रांमुळे. 1985 साली ऑक्टापॅड निघाला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडे पोचला. पाठोपाठ ताल आणि बेस आपोआप वाजवणारे कीबोर्ड आले. बाजारात 'झंकार बीट्स'च्या कॅसेट आल्या, जुन्या गाण्यांवर वरून ठोके चढवलेल्या, आणि लोक तसंच वाजवा म्हणायला लागले. 1993 च्या गणपतीआधी मला एका कंत्राटदाराचा निरोप आला, की यंदा बेस कीबोर्डवाला डाव्या हाताने सांभाळेल. मागच्या वर्षीच्या सहा नाईट त्याच्याकडे बाकी होत्या. त्या कधीच मिळाल्या नाहीत.

त्यानंतरची काही वर्षं मी दिवसा एका छापखान्यात हिशेब लिहिला आणि बोलावणं आलं तरच वाजवलं. 4 जानेवारी 1994 ला पंचमदा गेले. त्या रात्री बेस काढला आणि अँप्लिफायर न लावता, कोऱ्या तारेवर, आठवतील तितकी गाणी वाजवली. शेजारच्यांना काही ऐकू गेलं नसेल.

त्याच काळात मुंबईला रंगभवनात दोनदा रॉक बँड ऐकायला गेलो. कॉलेजची पोरं डीप पर्पल वाजवत होती, अगदी रेकॉर्डसारखं, आणि त्यांच्या बेसवाल्याला लोक हाका मारत होते. आम्हीही दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचो आणि तीही. पण तिथे वादकांना पाहायला लोक यायचे. मला हेवा वाटला, आणि सकाळच्या गाडीने परत आलो. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले.

आवाजाच्या नियमांनी आमचंही वेळापत्रक बदललं. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस 12 पर्यंत सवलत. नियम योग्यच आहेत. आजाऱ्याच्या, लहान बाळाच्या घराशेजारी रात्री तीनपर्यंत आम्ही वाजवत होतो, ते बरोबर नव्हतं. पण रात्रभराचा कार्यक्रम तीन तासांवर आला तशी माणसंही कमी झाली. आधी व्हायोलिन गेलं, मग कोंगो, मग काकांचं अकॉर्डियन. शेवटी कराओकेचा ट्रॅक आणि दोन गायक. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गायकाने चार आवर्तनं आधी अंतरा उचलला तर ट्रॅक त्याला तसाच सोडून पुढे जातो, आणि तो घाबऱ्या चेहऱ्याने पडद्यावरची ओळ शोधतो. प्रेक्षकांत बसून असं दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा माझा डावा हात मांडीवर आपोआप सा शोधत होता.

दिवस पुन्हा थोडे पालटले ते 2010 च्या आसपास. जुनी गाणी सगळ्या वाद्यांनिशी, मूळ वाद्यमेळासारखी वाजवायचे कार्यक्रम पुण्यात भरायला लागले. पंचमप्रेमी मंडळी एकेका गाण्यातला एकेक तुकडा ओळखून दाद देणारी. मला पन्नाशीत बोलावणी आली. तालमी होत्या, नोटेशन होतं, आणि निवेदक वादकांची नावं घेत होता. बालगंधर्वला एका गाण्याच्या सुरुवातीला माझा चार सुरांचा तुकडा होता. तो संपताच टाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा. पुढचा स्वर मी अर्ध्या मात्रेने उशिरा वाजवला आणि ड्रमवाल्याने तो सांभाळून घेतला.

तो ड्रमवाला 1984 पासून तोच. मी कायम त्याच्या डाव्या हाताला उभा, झांजांच्या बाजूला. त्याची किंमत माझ्या उजव्या कानाने दिली. त्या कानात रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजते आणि दारावरची बेल ऐकू येत नाही. डॉक्टरांनी 2019 साली स्टेज थांबवायला सांगितलं, आणि मी थांबवलं.

आता दर गुरुवारी दुपारी मी त्याच्या घरी जातो. पॅडवर तो, छोट्या अँप्लिफायरवर मी, आवाज बेताचा. गायक नाही, कीबोर्ड नाही. मुखडा, पीस, अंतरा, सगळं क्रमाने वाजवतो, फक्त ठेका आणि खर्ज. वहिनी आत स्वयंपाकघरात असतात. गेल्या गुरुवारी एक गाणं संपवून आम्ही थांबलो, तर त्या पदराला हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "दुसरा अंतरा राहिला की, भावोजी."

आम्ही पीसपासून पुन्हा धरलं.