लग्न २०१९चं, प्रवास २०२२चा

डिसेंबर २०१९मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावी माझं लग्न झालं. नवरा न्यू जर्सीहून रजा काढून आला होता. त्याच्या मामांनी बहिणीसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, कधीकाळी केलेला अर्ज बारा-तेरा वर्षांनी फळाला आला आणि २०१७ साली ते कुटुंब ग्रीन कार्डावर अमेरिकेला गेलं. पाठवणी परतूरला चुलतसासऱ्यांच्या घरी झाली. नवऱ्याची रजा संपली तशी मी माहेरी परतले. थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे, असं दोन्ही घरं धरून चालली होती.

तसं धरायला आधार होता. जालन्याकडची अभियंता मुलं बहुतेक एच-१बी व्हिसावर जातात आणि त्यांच्या बायका एच-४वर पाठोपाठ पोहोचतात. आमची वाट वेगळी होती. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला कायम वास्तव्याचा व्हिसा घेऊनच जावं लागतं. आधी नवऱ्याने तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१३० अर्ज करायचा, तो मंजूर झाला की न्यू हॅम्पशायरमधल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे कागद जमा करायचे, आणि शेवटी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा असते, त्यामुळे रांग असते. पण जुलै २०१९पासून ती रांग पूर्ण मोकळी झाली होती. आम्ही अर्ज केला फेब्रुवारी २०२०मध्ये.

मार्चमध्ये दूतावासाच्या खिडक्या बंद झाल्या, भारतातली आंतरराष्ट्रीय विमानंही थांबली. ते जगभर सगळ्यांच्याच वाट्याला आलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती २२ एप्रिल २०२०च्या आदेशाबद्दल. बेरोजगार झालेल्या अमेरिकनांच्या नोकऱ्या वाचवायच्या म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या स्थलांतरितांचा प्रवेश रोखला. नागरिकांच्या पती-पत्नींना त्यातून वगळलं, ग्रीन कार्डधारकांच्या नाही. साठ दिवसांचा म्हणून निघालेला तो आदेश वाढत गेला आणि बायडन यांनी २४ फेब्रुवारी २०२१ला तो मागे घेतला. नवऱ्याकडे कोणत्या रंगाचं पारपत्र आहे यावर एक बायको जाते आणि दुसरी थांबते, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

त्या काळात हाताशी होती ती कागदांची कामं. माझा जन्म परतूर तालुक्यातल्या आजोळी झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे माझी नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, शाळा वडिलांच्या गावात, बारावी अंबडला आणि पदवी जालन्यात. दूतावासाला जन्मदाखला हवा होता आणि त्यावर माझं नाव हवं होतं. आजोळच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली. तारीख बरोबर, आईवडिलांची नावं बरोबर, लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. जन्माची वर्दी दिली जाते ती बारशाच्या आधी, आणि बारसं झाल्यावर पुन्हा ग्रामपंचायतीत कोण जातो? नाव नंतर घालण्याची सोय कायद्यात आहे, तिला पंधरा वर्षांची मुदत आहे आणि शासनाने ती वेळोवेळी वाढवून दिली आहे. हे सगळं समजून घेऊन, शाळेचा निर्गम उतारा आणि आईवडिलांची शपथपत्रं जोडून, नाव दाखल व्हायला टाळेबंदीचे महिने गेले. माझे वडील, अण्णा, दुचाकीवरून आजोळी जायचे आणि ‘ग्रामसेवक भाऊसाहेब आज पंचायत समितीत गेलेत’ ऐकून परत यायचे.

एवढ्यावर संपत नव्हतं. आईचं नाव माझ्या जन्मनोंदीत एक, तिच्या शाळेच्या दाखल्यात माहेरचं दुसरं आणि आधारवर तिसऱ्याच वळणाचं. लग्नात नाव बदललेल्या बाईची ही गोष्ट मराठवाड्यात घरोघरी आहे. ती एकच बाई आहे हे शपथेवर सांगणारा कागद नोटरीकडून करून घ्यावा लागला. अण्णांचं नाव मात्र सातबाऱ्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे एकसारखं. हा फरक माझ्या नजरेत आला तो तेव्हाच. पुरुषाचं नाव जमिनीला बांधलेलं असतं, बाईचं कुठल्याच कागदाला घट्ट बांधलेलं नसतं, आणि हा व्हिसा नेमकी कागदाचीच परीक्षा घेतो. म्हणून मी पारपत्रावर माहेरचं नाव ठेवलं आणि ते बदलायला ठाम नकार दिला. सासूबाईंनी माझी बाजू घेतली.

विवाह नोंदणी त्या मानाने सोपी गेली. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याने गावपातळीवर तेव्हा ग्रामसेवकच विवाह निबंधक असायचा. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो आणि नवरा-नवरीच्या सह्या. नवरा इथे असतानाच ते उरकलं, हे आमचं नशीब. नंतर सही करायला तो लवकर आलाच नसता.

माहेरच्या त्या मुक्कामाबद्दल सांगायला हवं, कारण कुठल्याही अर्जात त्यासाठी रकाना नाही. लग्न झालेली मुलगी माहेरी राहिली की गाव हिशेब मांडतं. ‘जावईबापू कवा नेणारेत?’ हे विचारणाऱ्यांत काळजी करणारे होते, तसे चव घेणारेही होते. परदेशातल्या नवऱ्याने लग्न करून बायकोला मागेच ठेवलं, अशा गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या. त्या खोट्याही नसतात. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९पासून वेगळा अनिवासी भारतीय कक्ष आहे. त्यामुळे आईच्या पोटातली भीती मला समजत होती. २०२०मध्ये अधिक अश्विन आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि जावई साडेनऊ तास मागे असलेल्या देशात. आईने अनारसे केलेच. फोनसमोर ताट ठेवून ओवाळलं, आणि ते अनारसे गल्लीतल्या पोरांनी खाल्ले. मी त्या वर्षी ऑनलाइन शिकवण्या घ्यायला सुरुवात केली, ती पैशापेक्षा दुपार भरावी म्हणून.

विवाह खरा आहे का, हे तपासण्याचा अधिकार सरकारांना असावा, असं मला वाटतं. पण त्या अधिकाराचा इतिहास वाचला की अंगावर काटा येतो. जानेवारी १९७९मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची तिथल्या डॉक्टरने कौमार्यचाचणी केली. वर्तमानपत्राने ते उघड केल्यावर ती पद्धत थांबवावी लागली. आज ब्रिटनची चाळणी पैशाची आहे. तिथे जोडीदाराला बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न २०१२पासून किमान १८,६०० पौंड लागत होतं, एप्रिल २०२४मध्ये ते २९,००० झालं. अमेरिकेची अट त्या मानाने सौम्य आहे. आय-८६४ या हमीपत्रात दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं. दोघांच्या कुटुंबासाठी २०२१ साली ते २१,७७५ डॉलर होतं, आणि गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माझ्या नवऱ्याला ते दाखवता आलं.

आय-१३० मंजूर झाला तो २०२१मध्ये. मग डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, हमीपत्र, पोलिसांच्या पडताळणीनंतर मिळणारा पारपत्र कार्यालयाचा दाखला, आणि ‘कागदपत्रं पूर्ण’ असा निरोप. त्या निरोपानंतरची वाट सगळ्यात लांब वाटली, कारण आता करायला काहीच नव्हतं. दूतावास बंद राहिल्याने मुलाखतीसाठी थांबलेल्यांची संख्या जगभरात चार लाखांवर गेली होती. त्यातच वर्षअखेर नवरा भेटून गेला. त्याच्या त्या भेटीचे फोटो आणि तिकिटं पुढे पुरावा म्हणून जोडली. नवऱ्याशी झालेल्या भेटीचा पुरावा जपून ठेवताना विचित्र वाटतं, पण ठेवला.

मुलाखत २०२२च्या पावसाळ्यात आली. भारतातले बहुतेक स्थलांतरित व्हिसा मुंबईतूनच मिळत. रांगेत जालंधरचे होते, मेहसाण्याचे होते, करीमनगरचे होते. आम्हाला निदान जनशताब्दीचाच प्रवास होता. आधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. छातीचा एक्स-रे, रक्त, राहिलेल्या लशी, आणि ऑक्टोबर २०२१पासून सक्तीची झालेली करोनाची लस. एक्स-रेमध्ये क्षयाची शंका आली तर थुंकीच्या तपासणीत दोन महिने जातात, हे माहीत असल्याने तो निकाल येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरला नाही. पूर्वीच्या पिढीने ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसबाहेर रांगा लावल्या, २०११पासून दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मोबाइल आत नेता येत नाही. अण्णा फाइलची दुसरी प्रत काखेत घेऊन बाहेर उभे राहिले. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने लग्न कसं जमलं, नवरा काय काम करतो, तो पुन्हा कधी येऊन गेला, एवढंच विचारलं. जन्मदाखला हातात घेऊन बाजूला ठेवला. आत बोलणं काही मिनिटांचं झालं.

लग्नाला दोन वर्षं उलटून गेल्यावर प्रवेश झाल्याने मला थेट दहा वर्षांचं कार्ड मिळालं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना १९८६च्या कायद्यानुसार सशर्त कार्ड मिळतं आणि विवाह टिकून आहे हे पुन्हा सिद्ध करावं लागतं. माझ्यासाठी आय-१३०चे ५३५, व्हिसाचे ३२५, हमीपत्राचे १२० आणि कार्डाचे २२० असे १,२०० डॉलर सरकारी शुल्क गेलं. एप्रिल २०२४पासून त्यातलं पहिलं शुल्क कागदी अर्जाला ६७५ झालं.

मोकळी असलेली रांगही एप्रिल २०२३मध्ये पुन्हा लागली. माझी मावसबहीण आता त्याच वर्गात थांबली आहे. तिचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मी फोन करून मंठ्याच्या जन्मनोंदवहीत तिच्या नावाचा रकाना भरलेला आहे का ते पाहायला सांगितलं. तो कोरा होता. आता काका मंठ्याला खेपा घालताहेत आणि मी त्यांना आमच्या शपथपत्रांचे मसुदे पाठवले आहेत.