विश्लेषण : क्योटोच्या ‘शेवाळ मंदिरा’त थेट प्रवेश का नाही?

जपानमधील क्योटो शहराच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत साईहो-जी हे बौद्ध मंदिर आहे. लोक त्याला ‘कोकेदेरा’, म्हणजे शेवाळ मंदिर म्हणतात. मात्र दारात जाऊन तिकीट काढू म्हटले, तर हात हलवत परतावे लागते.

झेन भिक्षू मुसो सोसेकी यांनी 1339 मध्ये येथील बाग नव्याने घडवली. गंमत अशी, की ज्या शेवाळासाठी ती आज ओळखली जाते, ते त्यांनी लावलेलेच नाही. पुढील काळात देखभालीला पैसा उरला नाही आणि सावलीतल्या ओलसर जमिनीवर शेवाळ आपसूक पसरत गेले. आज त्याचे सुमारे 120 प्रकार तेथे आहेत.

मग अडचण कुठे आली? गर्दीत! शेवाळाला खरी मुळे नसतात. ते जमिनीला जेमतेम चिकटून असते, त्यामुळे पावलांखाली सहज उखडते. पर्यटकांचा लोंढा वाढला, आसपासच्या रहिवाशांनाही त्रास होऊ लागला. अखेर 1977 पासून मंदिराने खुला प्रवेश बंद केला. उत्पन्नावर पाणी सोडणारा हा निर्णय सोपा नव्हता. 1994 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आल्यावरही तो बदललेला नाही.

पूर्वी भेटीसाठी पोस्टकार्ड पाठवावे लागे, आता ऑनलाइन नोंदणीही होते. शुल्क मात्र क्योटोतील इतर मंदिरांपेक्षा बरेच जास्त आहे. बाग पाहण्याआधी अनेकदा पाहुण्यांना ब्रशने सूत्राची अक्षरे गिरवायला बसवतात. शेवाळ सर्वात हिरवेगार दिसते ते जून-जुलैच्या पावसात, तेव्हा छत्री सोबत हवीच.