कर्णबधिर विद्यालयातील वर्गखोली : सुविधांमागचे विज्ञान

कर्णबधिर मुलांच्या शाळेत कोणत्या सुविधा हव्यात, असे विचारले की माझ्या वर्गात दरवर्षी पहिले उत्तर येते : श्रवणयंत्र. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. श्रवणयंत्र बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा हॉर्नही मोठा करते. आधुनिक यंत्रे गोंगाट थोडाफार कमी करतात. तरी खोलीच वाईट असेल तर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून आज आपण खोलीचा विचार करू.

१. अंतर

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. बाईंचा आवाज १ मीटरवर ६० डेसिबल धरा. ४ मीटरवर थेट पोहोचणारा आवाज ४८ उरतो. वर्गातला गोंगाट ५० डेसिबल असेल तर शब्द गोंगाटाखाली २ डेसिबल बुडाले. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी बोलणे गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असावे लागते.

उपाय सोपा आहे. बाईंच्या कॉलरला, तोंडापासून १५ सेंटिमीटरवर, छोटा मायक्रोफोन लावायचा. तिथे आवाज सुमारे ७६ डेसिबल असतो. तो रेडिओलहरींनी थेट मुलाच्या यंत्रात पोहोचतो. मूल कुठेही बसले तरी बाई जणू त्याच्या कानाशी बोलतात.

२. निनाद

भिंतींवरून परत येणारा आवाज पुढच्या शब्दात मिसळतो. आवाज ६० डेसिबलने घटायला लागणारा वेळ म्हणजे निनाद काल. वॉलेस सॅबिन यांचे सूत्र असे :

निनाद काल = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण

उदाहरण : खोली ८ × ६ × ३ मीटर. घनफळ १४४ घनमीटर, एकूण पृष्ठभाग १८० चौरस मीटर. सर्वत्र प्लास्टर व फरशी असेल तर शोषण गुणांक सुमारे ०.०३, म्हणजे शोषण ५.४. दहा माणसांचे ४ मिळवू. एकूण ९.४.

निनाद काल = २३.१८ ÷ ९.४ = सुमारे २.५ सेकंद.

आता ४८ चौरस मीटर छताला ०.८ गुणांकाचे ध्वनिशोषक तक्ते लावा. शोषण ४६.४ होते आणि निनाद काल ०.५ सेकंदावर येतो. भिंतींवर २० चौरस मीटर जागेत ०.६ गुणांकाचे शोषक लावले की तो ०.४ सेकंद होतो. ब्रिटनमधील निकषांत अशा वर्गांसाठी हीच मर्यादा दिली आहे.

३. प्रकाश आणि बैठक

सगळीच मुले श्रवणयंत्र वापरत नाहीत. अनेकांची भाषा सांकेतिक भाषा आहे. त्यांच्यासाठी वर्गातील प्रकाश म्हणजेच आवाज. बाई खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या तर चेहरा काळवंडतो. ओठही दिसत नाहीत आणि हातही. प्रकाश समोरून हवा. बाके रांगेत न मांडता अर्धवर्तुळात मांडावीत, म्हणजे एका मुलाने विचारलेला प्रश्न बाकीच्यांनाही दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलणे म्हणजे मुलांसाठी बोलणे थांबवणेच होय.

४. धोक्याची सूचना

शाळेची घंटा आणि आगीचा भोंगा इथे कामाचा नाही. लुकलुकणारे दिवे हवेत, आणि तेही फक्त वर्गात व व्हरांड्यात नव्हे. स्वच्छतागृहात एकटे असलेले मूल इतरांची धावपळ पाहू शकत नाही. तिथला दिवा विसरला तर ते आतच राहील. वसतिगृहात झोपलेल्या मुलासाठी उशीखाली थरथरणारे उपकरण लागते.

लक्षात घ्या, यातील बहुतेक गोष्टी नकाशा काढतानाच ठरतात. इमारत बांधून झाल्यावर त्या करणे महाग पडते, आणि तोपर्यंत काही मुलांची शिकण्याची वर्षे निघून गेलेली असतात.

सराव : तुमच्या स्वतःच्या वर्गाचा निनाद काल काढा. मग शेवटच्या बाकावर बसा, कानांत कापूस घाला आणि एक तास ऐकून पाहा. किती शब्द निसटले, ते लिहा.